अकरा वाजताची हजेरी

गेल्या वर्षी जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात सानिका हजर असल्याची नोंद झाली. शाळेत वापरतात तशा हजेरीपटात ती आहे. सानिकाच्या नावापुढे, नवव्या रकान्यात, निळ्या शाईत 'ह'. सानिका त्याआधी आठ महिने वारली होती. नोंद झाली तेव्हा खोलीत चार माणसे होती. त्यांतले एक तिचे वडील होते.

हजेरी घेणाऱ्या बाई म्हणजे डॉ. शालन पोवार. वय तेव्हा सत्तावन्न. उंची बेताची, अंगावर सुती साडी आणि साडीखाली कारखान्यात घालतात तसले पुढून लोखंडी टोपीचे काळे बूट. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना, लिंबाएवढा डाग. प्रयोगशाळेत शिरल्यावर त्या आधी कोपऱ्यातल्या वॉटर बाथकडे जात. त्यातले पाणी रात्रंदिवस सदतीस अंशांवर ठेवलेले असे आणि आतले काचेचे फ्लास्क मंद हेलकावे खात असत. भिंतीला थर्मामीटर टांगलेला होता. बाई तो नंतर बघत. आधी उलट्या हाताने पाण्याला स्पर्श करीत, आजारी मुलाचे कपाळ बघावे तसा.

"ताप न्हाय," त्या म्हणत. मग पदर खोचून कामाला लागत.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तीन वर्षांपूर्वी. महाविद्यालयावर आमच्या वर्तमानपत्राची पुरवणी निघणार होती आणि विभागवार मजकूर गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. सकाळी पावणेअकराला पोचलो. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी घड्याळाकडे बघितले.

"पावणं, बसा. अकरा वाजूस्तवर बोलायचं न्हाय. चहा पायजे असंल तर बाहेर मिळतोय, हितं न्हाय."

एवढे बोलून त्या आतल्या खोलीत गेल्या. त्या खोलीच्या खिडक्यांना काळे कापड लावलेले होते. दार बंद झाले. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"ओंकार."

पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग दुसरा, तरुण आवाज. "हजर."

"आर्या."

"हजर."

"सानिका."

या वेळी जरा जास्त वेळ गेला. "हजर."

दार उघडले तेव्हा आत दोनच बायका होत्या. बाई आणि त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी विद्या हुक्केरी. मी मुले कुठे आहेत असे विचारले.

"आपापल्या घरी," बाई म्हणाल्या. "का? तुमास्नी दिसली काय कुठं?"

विद्या हसली. बाई हसल्या नाहीत.

त्या खोलीत काय चालते ते बाईंनी मला दोन वेळा समजावले आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून वदवून घेतले. काही मुलांच्या शरीरात एक विशिष्ट एन्झाइम जन्मतःच नीट बनत नाही. आईबाप दोघेही धडधाकट असतात. दोघांकडून एकेक दोष मुलात उतरला की आजार होतो. ज्या पदार्थाचा त्या एन्झाइमने निचरा करायचा तो पेशींत साठत जातो. पोट वाढते, प्लीहा वाढते, हाडे दुखतात, रक्त कमी होते. कारखान्यात तयार केलेले एन्झाइम शिरेतून देणे हा उपचार आहे. तो दर पंधरवड्याला करावा लागतो आणि जन्मभर करावा लागतो.

बाईंना हे सुईवाचून करायचे होते. निदान सुई कमी करायची होती. जखमेला घातलेले आणि नंतर आपोआप विरघळून जाणारे टाके ज्या पदार्थाचे असतात, त्याच जातीच्या पॉलिमरचे त्या मणी करीत. हातावर घेतले तर पांढरे पीठ वाटावे इतके बारीक. मण्यांच्या पोटात एन्झाइम कोंडायचे. मणी कातडीखाली टोचले की पॉलिमर हळूहळू विरघळेल आणि एन्झाइम थोडे थोडे सुटत राहील, असा बेत. वॉटर बाथमधले फ्लास्क म्हणजे शरीराची नक्कल होती. तेच तापमान, तेवढेच खारट पाणी. रोज साडेदहाला प्रत्येक फ्लास्कमधून थोडे पाणी काढायचे आणि जेवढे काढले तेवढे ताजे घालायचे. काढलेल्या पाण्यात एक द्रव घालून अर्धा तास ठेवायचे. एन्झाइम जिवंत असेल तर ते त्या द्रवाला तोडते आणि अतिनील दिव्याखाली पाणी निळे चमकते. मेलेले असेल तर काळोख.

निळे म्हणजे हजर. काळोख म्हणजे गैरहजर.

'जिवंत' आणि 'मेलेले' हे शब्द बाईंचेच. विद्या कधी उत्साहाने सांगायला आली की आज इतके एन्झाइम सुटले, तर त्या हात वर करून थांबवीत. "सुटलं ते नगं सांगू. जित्तं सुटलं का ते सांग." अडचण तिथेच होती. ते पॉलिमर विरघळताना आम्ल तयार होते आणि ते आम्ल आत कोंडलेल्या एन्झाइमला मारते. त्यामुळे मण्यांतून बाहेर पडायचे ते बहुतेक वेळा प्रेतच असायचे. हा शब्दही त्यांचाच.

महाविद्यालयात येण्याआधी त्यांनी बारा वर्षे शिरोली एमआयडीसीत काढली होती, फाउंड्रीला लागणारी राळ बनवणाऱ्या एका कारखान्यात. पोकळ ओतीव करायचे तर साच्यात वाळूचा गाभा बसवतात आणि ती वाळू राळेने बांधलेली असते. लोखंड ओतून थिजेपर्यंत राळेने वाळू धरून ठेवायची, मग सोडून द्यायची. आधी सोडली तर ओतीव बाद. सोडलीच नाही तर हातोड्याने फोडत बसा. मनगटावरचा डाग तिथला, आणि बूटही. आजऱ्याजवळच्या शेतकरी घरातली ही मुलगी पुरुषांच्या कारखान्यात कशी टिकली, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "धरून ठेवणारी राळ कुणीबी करंल. वेळेला सोडणारी करून दाखवा की." औषधाचे मणी करताना त्या हेच वाक्य विद्याला ऐकवीत. त्यांच्या मते दोन्ही कामे एकच होती. फक्त आता बाद काय होणार ते वेगळे होते.

तानाजी त्यांना शिरोलीपासून ओळखत होता. तो एका फाउंड्रीत वाळूचे गाभे करतो आणि कसबा बावड्यात राहतो. त्याला दोन मुली. थोरली सानिका, धाकटी आर्या. दोघींनाही हाच आजार. तपासणीचा कागद हातात पडल्यावर त्याने आजाराचे नाव कुणालातरी वाचायला लावले आणि मॅडम असल्याच कशावर तरी काम करतात हे आठवून तो सानिकाला घेऊन महाविद्यालयात आला. बाईंनी त्याला त्याच दिवशी सांगितले की इथे औषध मिळत नाही, इथे फक्त पाणी चमकते. मुलीचा उपचार रुग्णालयातच होईल, त्यासाठी अर्ज कर. अर्ज त्यांनी स्वतः लिहून दिला.

सानिका तेव्हा सात वर्षांची होती. बाप अर्जावर सही करीत असताना ती वॉटर बाथपाशी उभी राहून आकडे घातलेले फ्लास्क बघत होती. विद्या सांगते, तिने विचारले, "ह्यांस्नी नावं न्हाईत?"

"नंबर हायत की," बाई म्हणाल्या.

"मग हजेरी कशी घेता?"

बाईंनी तिच्या हातात मार्कर दिला. तिने एका फ्लास्कवर स्वतःचे नाव लिहिले, 'क'चा काना जरा लांब. दुसऱ्यावर आर्याचे. तिसऱ्यावर बाईंनी ओंकारचे लिहिले. हा आजऱ्याकडचा मुलगा, आजार तोच. एका फ्लास्कमध्ये नेहमी रिकामे मणी असत, आत एन्झाइम नसलेले. निळा रंग खरोखर एन्झाइमचाच आहे ना, हे ताडून बघण्यासाठी तो लागतो. त्याला नाव दिले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी महाद्वार रोडवरच्या दुकानातून शाळेचा हजेरीपट आणला. एकतीस रकाने आयते छापलेले असतात, म्हणून. कारण एवढेच, असे त्या म्हणत.

सानिका नोव्हेंबरमध्ये वारली. एन्झाइमची मंजुरी त्यानंतर तीन महिन्यांनी आली, आणि ती आर्याच्या उपयोगाला आली. बाई कसबा बावड्याला भेटायला गेल्या तेव्हा मुलींची आई सविता त्यांना एवढेच म्हणाली, "त्या बाटलीवरचं नाव पुसू नगा." बाईंनी तो फ्लास्क धुऊन, वाळवून, नाव तसेच ठेवून फडताळात ठेवला.

आर्याचे सलाइन सुरू झाल्यावर तानाजीने एक काम अंगावर घेतले. औषधाच्या कुपीत तळाशी एक-दोन थेंब उरतात. रुग्णालयाच्या लेखी परवानगीने तो त्या रिकाम्या कुप्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून दर दुसऱ्या शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत आणून देई. तोवर बदामापासून काढलेल्या तशाच जातीच्या एन्झाइमवर काम चाले. आता खरे औषध मिळाले. ते थेंब जमवून बाईंनी मणी केले आणि आर्या आणि ओंकार या नावांच्या फ्लास्कमध्ये घातले.

इथे एक तपशील आवश्यक आहे. कोमट पाणी आठवडेच्या आठवडे ठेवले की त्यात जंतू वाढतात. ते होऊ नये म्हणून अशा पाण्यात सोडियम अझाइड चिमूटभर घालतात. ते जहाल विष आहे. लाल चिठ्ठीची त्याची बाटली कुलपात असे आणि प्रयोगशाळेत तिला विषच म्हणत. बिनानावाच्या फ्लास्कमध्ये ते नेमाने पडे. नावाच्या फ्लास्कमध्ये, नावे लिहिली गेली त्या दिवसापासून, पडलेले नव्हते.

विद्याने एकदा विचारले होते. "अक्का, ह्यात घालायचं नाही?"

"पाणी रोज उकळून, गाळून घालतोय न्हवं?"

"तरी पण ओ अक्का, पद्धत आहे."

"आर्याचं नाव हाय त्याच्यावर. मी हातानं विष घालू?"

विद्याने पुन्हा विचारले नाही. आधीच्या खेपांना त्याने फरकही पडला नव्हता, कारण सहा-सात दिवसांत एन्झाइम मरून जाई आणि फ्लास्क बदलले जात. ही खेप वेगळी निघाली. पाच दिवस निळे. मग तीन दिवस काळोख; पण खरे औषध होते म्हणून फ्लास्क बदलले नाहीत. नवव्या दिवशी पुन्हा निळे, आणि पुढे रोज. मणी आतून फुटायला लागले की दुसऱ्यांदा एन्झाइम सुटते, असे या विषयाच्या पुस्तकांत असते. म्हणून कुणाला शंका आली नाही. बिनानावाचा फ्लास्क रोज काळा होता. म्हणजे निळा रंग एन्झाइमचाच. बाईंनी स्वतःला घातलेली अट पंधरा दिवसांची होती. सलाइन पंधरवड्याला लागते, तेव्हा मण्यांनी पंधरावा दिवस गाठला तर बोलायचे. "त्याच्या अलीकडचं कौतिक मला सांगू नगा." पंधरावा गेला. तिसावा गेला. हजेरीपटाचे पान उलटले.

कुप्या घेऊन येणाऱ्या तानाजीने ते पान बघितले. त्याला रकाने मोजता येत होते. आर्याच्या शिरा आता सापडत नव्हत्या. मागच्या खेपेला दोन्ही हात संपल्यावर पायात सुई घातली होती. तो म्हणाला, "मॅडम, चाळीस दिस म्हंजे वर्साला नऊदा. तेवढं टोचा की."

"तानाजी, ही काच हाय. पोरगी न्हाय."

"काच व्हय, पण औषध तर तिचंच हाय न्हवं."

बाईंनी त्याला परत पाठवले. पण निष्कर्ष कळवण्याची तयारी सुरू केली. मलाही फोन आला. पुरवणीच्या वेळी त्यांनी मला हसून बजावले होते, "पेपरवाल्यास्नी घाई असते, आन् आमचं औषधच हळू सुटायचं हाय." या वेळी त्यांनीच बोलावले. मी बातमीचा मसुदा करून ठेवला. कळवण्याआधी त्यांनी एक शेवटची ताडणी लावली. रिकाम्या मण्यांचा आणखी एक फ्लास्क. फडताळात त्या मापाचा एकच मोकळा फ्लास्क होता. त्यावर सानिकाचे नाव होते. त्यांनी रिकामे मणी त्यात घातले आणि सवयीने, नावाच्या फ्लास्कला करीत तसेच, विष न घालता तो पाण्यात सोडला.

आठ दिवस हजेरीत सानिकाचे नाव घेतले गेले आणि विद्याने 'गै' लिहिले. नवव्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, मी गेलो होतो. तानाजीही आला होता. मंगळवार त्याचा दिवस नव्हे. त्याने दाराशी उभा राहतो म्हणून सांगितले. कापडाचा पडदा ओढला गेला. बाथचा हेलकाव्याचा आवाज तेवढा होता.

"ओंकार."

"हजर."

"आर्या."

"हजर."

बिनानावाच्या फ्लास्कसाठी बाई नुसते टेबलावर बोट वाजवीत. बोट वाजले. काळोख.

"सानिका."

दिवा लागला. परीक्षानळीतले पाणी निळे होते. आर्याच्या नळीपेक्षा जास्त. बाईंच्या हाताचे, बांगड्यांचे, विद्याच्या हनुवटीचे खालचे अंग त्या उजेडात दिसत होते. विद्याने खाली बघून लिहिले. ते 'ह' तिचेच आहे आणि त्या रांगेतले तेवढेच अक्षर वाकडे आहे.

दाराकडून तानाजी म्हणाला, "मॅडम, सानिका हाय?"

बाईंनी दिवा बंद केला. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. त्यांनी दिवा पुन्हा लावला. निळे.

"पडदे काढ," त्या विद्याला म्हणाल्या.

खिडक्यांतून ऊन आल्यावर त्यांनी सानिकाच्या फ्लास्कमधला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ बघितला. मग आर्याचा. मग ओंकारचा. मग बाजूला झाल्या आणि मला बघू दिले. तिन्ही थेंबांत सारखेच दृश्य होते. काडीसारखे, अतिशय लहान जीव, सतत हलणारे. काही जंतूंकडे त्याच प्रकारचे एन्झाइम असते. निळा रंग त्यांचा होता.

"एवढं दिस आपुन हाक मारतोय," बाई विद्याला म्हणाल्या, "आन् ओ दुसरंच कोण देतंय."

ही चूक लहान नव्हती. ताडणीचा फ्लास्क एन्झाइम सोडून बाकी सर्व बाबतींत सारखा लागतो. इथे एकात विष होते, बाकीच्यांत नव्हते. नाव नसलेला काळा राहिला तो एन्झाइम नाही म्हणून नव्हे, विष होते म्हणून. आर्याच्या मण्यांतले एन्झाइम पाचव्या दिवशीच मेलेले होते.

तानाजी अजून दारातच होता. बाई त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढचे बोलणे मी त्याच दिवशी लिहून ठेवले आहे.

"गुरुवारी आर्याचं सलाइन हाय न्हवं?"

"न्हाय. मी न्हाय म्हणून सांगून आलोय त्यास्नी."

"कधी?"

"सकाळीच. म्हटलं चाळीस दिस चालतंय तर कशाला पोरीला... तेच सांगाय आलतो तुमास्नी."

"फोन लाव."

"पण मॅडम, हजेरी..."

"ते जंतू हायत, तानाजी. औषध न्हाय. फोन लाव आदी."

"चाळीस दिस मग काय बघितलं तुमी?"

"जंतू बघितलं."

त्याचा आवाज चढला. खालच्या मजल्यावरचे विद्यार्थी जिन्यात आले. "आमी अडाणी म्हणून तुमच्या तोंडाकडं बघतोय! पोरीचं औषध बंद करणार हुतो मी! त्येच्यावर मेली असती ती!"

"व्हय," बाई म्हणाल्या. "चूक माझी हाय. इष घालायचं हुतं, घातलं न्हाय. नाव बघून हात हुईना."

त्यांच्या बोलण्यात विषाचे 'इष' झालेले मी तेवढे एकदाच ऐकले. तानाजीने फोन लावला. परिचारिकेने गुरुवारची वेळ परत दिली. तो जिन्याकडे वळला, दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वर आला.

"त्या बाटलीत तिचं कायबी न्हवतं न्हवं?"

"नुसतं नाव हुतं," बाई म्हणाल्या.

मसुद्याबद्दल विचारल्यावर त्यांनी मला एक कागद दिला. चार ओळी, खाली सही. ताडणीच्या फ्लास्कमध्ये विष होते, नावाच्या फ्लास्कमध्ये नव्हते, सर्व निष्कर्ष रद्द समजावेत, जबाबदारी माझी. "छापायचं असंल तर हे छापा." तो कागद मी कार्यालयात दाखवला. ही बातमी होत नाही, असे मला सांगण्यात आले. कागद माझ्याकडे आहे.

बुधवारी सकाळी बाईंनी सगळे फ्लास्क रिकामे केले, उकळले, नवे पाणी भरले आणि कुलपातली बाटली काढली. विद्याने मी घालते म्हटले. त्यांनी ऐकले नाही. एकेक नाव मोठ्याने वाचून प्रत्येकात चिमूट सोडली. सानिकापासून सुरुवात केली. बिनानावाचा फ्लास्क त्यांनी कायमचा काढून टाकला. ताडणीसाठी यापुढे सानिकाचाच राहील, आत रिकामे मणी आणि विष, असे ठरवले. विद्याला ते नाव हजेरीत घ्यायचे नव्हते. ती म्हणाली, अक्का, मला रात्रीची झोप लागत नाही. बाई म्हणाल्या, "ती न्हाय हे रोज बघायचं. मगच दुसरी हाय म्हणायचं."

गुरुवारी आर्याला सलाइन लागले. शीर सातव्या प्रयत्नाला सापडली. शुक्रवारी सकाळी तानाजी आला, थर्मास टेबलावर ठेवला आणि दाराशी उभा राहिला. अकरा वाजता पडदे ओढले. सानिकाचे नाव घेतले गेले. काळोख. विद्याने गैरहजर म्हटले. तानाजीने मान हलवली आणि तो गेला. त्यानंतरच्या वर्षभरात दर दुसऱ्या शुक्रवारी असेच झाले. ते एक नाव होईपर्यंत तो थांबे.

वर्षभरात बाईंनी अकरा खेपा लावल्या. विष घातल्यावर खरे आकडे दिसू लागले: तीन दिवस, चार दिवस, पुन्हा तीन. अॅसिडिटीवर घेतात त्या पांढऱ्या औषधातला मॅग्नेशियमचा पदार्थ मण्यांत मिसळून पाहिला; आम्ल तयार होताच ते मारून टाकावे, हा हेतू. सहा दिवस. प्रमाण बदलले. आठ. बारावी खेप त्यांनी गेल्या महिन्याच्या अखेरीस लावली. या काळात त्यांच्या बोलण्यात फरक पडला नाही. एक सवय मात्र वाढली. पाण्याला उलटा हात लावून 'ताप न्हाय' म्हटल्यावर त्या सानिकाचा फ्लास्क वर उचलून उजेडाकडे धरीत आणि पाणी गढूळ आहे का बघत. रोज. विद्याच्या म्हणण्याप्रमाणे दिवसातून तीनदा.

बाराव्या खेपेच्या दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी आठ वाजता, डॉ. शालन पोवार राहत्या घरी हृदयविकाराने वारल्या. विद्याला साडेआठला कळले. ती आधी महाविद्यालयात गेली. हजेरी रविवारीही चुकत नसे. पडदे तिने एकटीने ओढले. नाव अक्कांनी घ्यायचे आणि उत्तर तिने द्यायचे अशी रीत होती. त्या दिवशी दोन्ही आवाज तिचेच होते. आर्या, हजर. ओंकार, हजर. सानिका, गैरहजर. तिने पान भरले, पेन ठेवले आणि मग ती बाईंच्या घरी गेली. अंत्यसंस्काराला तानाजी आणि सविता आले होते. आर्याही होती. ती आता सहा वर्षांची आहे. तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या खुणा आहेत.

हे मणी अजून कोणत्याही प्राण्याला किंवा माणसाला टोचलेले नाहीत. ती परवानगी मागण्याइतकी माहिती जमलेली नाही. आर्याचे सलाइन दर दुसऱ्या गुरुवारी चालू आहे.

बाराव्या खेपेचा पंधरावा दिवस काल, शुक्रवारी होता. मी साडेदहाला पोचलो. विद्याने पाण्याला आधी उलटा हात लावला, मग थर्मामीटर बघितला. तानाजी थर्मास ठेवून दाराशी उभा होता. तिन्ही फ्लास्कमधून पाणी काढले. तिन्हींचा एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. हलणारे काही नव्हते. अकरा वाजता पडदे ओढले.

ओंकारच्या नळीत काळोख होता.

आर्याच्या नळीत निळा रंग होता. मंद, पण होता. विद्याने दिवा दोनदा लावून बघितला.

"सानिका," ती म्हणाली.

दिवा लागला.

"न्हाय न्हवं?" दाराकडून तानाजीने विचारले.

"नाही."

हजेरीपटाच्या पंधराव्या रकान्यात विद्याच्या अक्षरात तीन नोंदी आहेत. ओंकार, गै. आर्या, ह. सानिका, गै.